दुर्मुश कप्तानांचा अडलेला नकाशा

दुर्मुश कप्तानांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला आणि त्यांच्या नावाचा अर्थ मात्र ‘थांबलेला’ असा आहे. घरात आधीची दोन मुलं दगावली की आमच्या तुर्कस्तानातल्या डोंगराळ गावांमध्ये पुढच्याचं नाव असं ठेवतात, म्हणजे हा तरी थांबेल. थांबले ते. पण या नावावरून सोबतच्या ड्रायव्हरांनी त्यांना जन्मभर छळलं. सीमेवर रांग अडली की कुणीतरी ओरडायचंच, “दुर्मुशला पुढे काढा, त्याच्यामुळे सगळे अडलेत.”

लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला आमच्याकडे कप्तान म्हणतात, त्यामुळे मीही त्यांना कप्तानच म्हणते. मेर्सिन बंदराच्या मागच्या गल्लीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कप्तान आणि त्यांची बायको उम्मुहान मावशी राहतात. माझा स्वभाव जरा तापट आहे, गिऱ्हाइकाशीही मी गोड बोलत नाही. कप्तानांना त्याचं काही वाटत नसे. म्हणायचे, “पोरी, मी बारा देशांच्या कस्टमवाल्यांचं ऐकून घेतलंय. तू तर घरची.”

बासष्टाव्या वर्षी त्यांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी ट्रक बंद केला. मग ते दिवसभर गॅलरीत बसायला लागले. बंदरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या आवाजावरून ते ड्रायव्हरची लायकी ठरवायचे. याने गिअर उशिरा बदलला, त्याने क्लचची वाट लावली, हा तर गाढव आहे. दोन महिने ऐकून घेतल्यावर उम्मुहान मावशी माझ्या दुकानात आल्या आणि हातातली लिंबांची पिशवी टेबलावर आपटून म्हणाल्या, “नेरमिन, या माणसाला कुठेतरी पाठव. नाहीतर मी जाते.”

तर मी त्यांना पाठवलं. अंकारात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं संगणक घेऊन दिला, मी त्याला स्टिअरिंग आणि पायातली पेडलं जोडून दिली, आणि ट्रक चालवायचा एक खेळ घालून दिला. त्यात माल भरायचा, युरोपभर खऱ्यासारख्या रस्त्यांवरून न्यायचा आणि वेळेत उतरवायचा, एवढंच असतं. जगभरचे लोक तो एकमेकांबरोबर खेळतात, कानाला हेडफोन लावून बोलत बोलत जातात. पहिल्या आठवड्यात कप्तानांनी मला त्या खेळातल्या एकोणीस चुका सांगितल्या. ही चढण एवढी सोपी नाही, या वळणावर उजवीकडे सूपवाला पाहिजे, असल्या. दुसऱ्या आठवड्यापासून ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चहाचा थर्मास घेऊन गॅलरीत जायला लागले. प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी टाकायचं असतं, म्हणून मावशी ग्लासभर पाणी जिरेनियमच्या कुंडीत ओतायच्या. ते झाड त्या वर्षी फार फोफावलं.

तिसऱ्या महिन्यात त्यांना खेळात निरोप आला. मोडक्या तुर्कीत लिहिलं होतं, “दुर्मुश? मेर्सिनचा? भांडं फोडणारा?”

हा ल्युबिशा. सर्बियातल्या निशचा ड्रायव्हर. पंचवीस वर्षांपूर्वी एका जानेवारीत निशच्या अलीकडे कप्तानांच्या ट्रकमधलं डिझेल गोठलं, तेव्हा यानं त्यांना उचलून घरी नेलं होतं. ल्युबिशाच्या आईनं त्यांना दोन दिवस जेवू घातलं आणि निघताना मातीच्या भांड्यात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया बांधून दिल्या. आता भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे कप्तानांना कुणी शिकवायला नको. पुढच्या खेपेला त्यांनी त्यात इथली गाजराची मिठाई भरून नेली. म्हातारीनं ते भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीनं भरून परत पाठवलं. असं ते भांडं अकरा वर्षं मेर्सिन आणि निशच्या मध्ये फिरलं, आणि मग एका करकचून दाबलेल्या ब्रेकनं फुटलं. त्या खेपेला भरायची पाळी कप्तानांची होती. पुढे म्हातारी गेली, ल्युबिशाचा नंबर बदलला, मालाचे रस्ते बदलले, आणि दोघांची चुकामूक झाली ती झालीच.

ल्युबिशानंही ट्रक सोडला होता, साखरेमुळे. खेळात भेटल्यावर दोघे रोज दुपारी बरोबर निघायचे. त्यांची भाषा म्हणजे अर्धी तुर्की, अर्धी सर्बियन आणि आकडे जर्मन. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण कप्तान हसत असले की तो आवाज जिन्यातून खाली दुकानापर्यंत यायचा.

त्या खेळाचे नकाशे वेगवेगळे विकत घ्यावे लागतात. मे महिन्यात ल्युबिशानं कप्तानांना एड्रियाटिक किनाऱ्याचा नकाशा भेट पाठवला. तो सुखरूप आला. कप्तान आठवडाभर समुद्राच्या कडेनं फिरले, पण त्यांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मला म्हणाले, “पोरी, भांडं पुन्हा माझ्याकडे आलंय.”

सप्टेंबरात अनातोलियाचा नकाशा निघाला. बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुले फाटकापासून आमच्या मेर्सिनपर्यंतचा रस्ता त्यात होता. ल्युबिशाला आयुष्यात कधी इस्तंबूलच्या पुढचा परवाना मिळाला नव्हता. मेर्सिनला येऊन कप्तानांकडे जेवायचं हे त्यांचं पंचवीस वर्षांचं ठरलेलं होतं. आणि नेमकं त्याच शनिवारी ल्युबिशानं सांगितलं, की पायाची जखम चिघळलीये, गुरुवारी कापणार आहेत. किती कापायचं ते टेबलावर ठरेल. नंतर पेडलांवर पाय ठेवता येईल की नाही, कुणी सांगत नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत कप्तान दारात उभे होते. “हा नकाशा त्याला पाठव. गुरुवारच्या आत त्याला माझ्या दारापर्यंत आणायचंय.”

मी भेटीचं बटण दाबलं. ओळ आली, की या मित्राच्या देशातली किंमत आणि तुमच्या देशातली किंमत यांत फार फरक आहे, ही भेट पाठवता येणार नाही.

“किमतीशी त्यांचा काय संबंध?” कप्तान म्हणाले. “मी ल्युबिशाला काय किंमत सांगून देणार आहे?”

मी समजावलं. आमच्याकडे तेव्हा खेळांच्या किमती लिरात होत्या, म्हणजे बाहेरच्यांच्या मानानं फुकटच. बाहेरचे लोक इथल्या ओळखीच्यांना सांगून स्वस्तात मागवायचे. म्हणून खेळ विकणाऱ्या इंटरनेटवरच्या दुकानानं दार लावून घेतलं. महाग देशातून स्वस्त देशात भेट येते, स्वस्तातून महागात जात नाही.

“म्हणजे तो मला देऊ शकतो, मी त्याला नाही.”

“हो.”

“म्हणजे मी चोरटा माल नेणारा.”

“कप्तान, तुम्ही कुणी नाही. यंत्र आहे ते.”

“यंत्राला सांग की हा माझा मित्र आहे.”

दुकानात तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी म्हटलं, “यंत्राला मित्र नसतात, त्यामुळे त्याला कळणार नाही. तुम्ही वर जा, चहा प्या.” मी हे जरा जोरातच बोलले. ते गेले. मला तेव्हाच वाटायला हवं होतं, की चाळीस वर्षं सीमा ओलांडलेला माणूस एका बंद फाटकाला बघून चहा प्यायला जात नसतो.

दुपारी ते खाली आले ते चेहरा पडलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. “पोरी, गाडी सील झाली.”

वर जाऊन बघितलं तर त्यांचं खातंच बंद. खेळ नाही, नकाशे नाहीत, मित्रांची यादी नाही. संशयास्पद हालचाल, असं लिहिलेलं.

“काय केलंत?”

“काही नाही. कागद भरले.”

आता हे कागद म्हणजे काय ते सांगते. माल दुसऱ्या देशात न्यायचा तर ड्रायव्हरकडे कागदांचं एक पुस्तक असतं. प्रत्येक सीमेवर त्यातलं एक पान भरून, शिक्का मारून, फाडून द्यायचं. एक पान चुकलं तर पुढचं फाटक उघडत नाही. कप्तानांना त्या इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर ‘देश’ असा रकाना दिसला. माणूस राहतो कुठे हे कुणी विचारत असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या आयुष्यात त्या रकान्यात माल जिथे चाललाय तो देश लिहायचा असतो. आणि मेर्सिनहून निशला एका उडीत जाता येत नाही. म्हणून त्यांनी आधी बल्गेरिया भरलं, मग थोडं थांबले, शिक्क्याला वेळ लागतो म्हणून, आणि मग सर्बिया. पत्त्याच्या जागी बल्गेरियासाठी ‘फाटकासमोरचा ट्रकतळ’ आणि सर्बियासाठी ‘निशच्या अलीकडचा पेट्रोल पंप, उजव्या हाताला’.

चाळीस मिनिटांत तीन देशांत राहून झालं त्यांचं. कुठलंही यंत्र घाबरेल.

मला हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. “ल्युबिशाला फोन करा ना,” मी म्हटलं. तेव्हा कळलं, की नंबरच नाही. रोज बोलायचे ते खेळातून, मग नंबर कशाला लागतो? जुनं घर कप्तानांना डोळे मिटून सापडलं असतं, पण ते विकून तो मुलीजवळच्या फ्लॅटमध्ये गेला होता. कुठला फ्लॅट, ठाऊक नाही. मी त्या संध्याकाळी ल्युबिशाचं नाव सगळीकडे शोधलं. निशमध्ये त्या नावाची निम्मी माणसं ट्रक चालवतात असं दिसलं.

“गुरुवारी त्याचा पाय कापणार,” कप्तान म्हणाले, “आणि तो समजणार, की दुर्मुशला भांडं परत करायचं जिवावर आलं म्हणून तोंड लपवून बसलाय.”

त्या खेळवाल्या दुकानाला लिहायचं ठरलं. पहिलं पत्र मी लिहिलं, त्यावर यंत्राचंच उत्तर आलं. मंगळवारी कप्तान म्हणाले, आता मी सांगतो ते लिही, जसंच्या तसं. मी लिहून घेतलं आणि इंग्रजी करून पाठवलं. त्याची तुर्की प्रत अजून माझ्याकडे आहे:

“साहेब, मी दुर्मुश, निवृत्त ड्रायव्हर. चाळीस वर्षांत मी एकाही फाटकावर खोटा कागद दिलेला नाही. काल दिलेला कागद खोटा नव्हता, चुकीच्या टेबलावर दिला गेला. मला वाटलं, तुम्ही माल कुठे चाललाय ते विचारताय. मी कुठेही राहायला गेलेलो नाही, मेर्सिनमध्येच आहे, माझी बायको साक्षीला आहे. नकाशा पाठवू नका. खेळ हवा तर ठेवून घ्या. पण त्या खेळात माझा मित्र आहे आणि त्याला गाठायला दुसरा रस्ता नाही. गुरुवारी तो इस्पितळात जातोय. फक्त बोलायचा रस्ता उघडा.”

पत्र गेलं. मंगळवार गेला. कप्तानांनी दाढी केली नाही. बंदरातून ट्रक जात राहिले आणि त्यांनी एकालाही नावं ठेवली नाहीत, तेव्हा मावशी घाबरल्या. बुधवारी सकाळी त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “काल रात्रीचं जेवण तसंच आहे. छाती कापलेला माणूस आहे गं तो.” मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. सोमवारी दहा मिनिटं नीट बोलले असते तर हे झालंच नसतं. मी त्या दिवशी दर पाच मिनिटांनी टपाल उघडून बघत होते, आणि गिऱ्हाइकांवर खेकसत होते ते वेगळंच.

दीडच्या सुमाराला उत्तर आलं. यावेळी खाली माणसाचं नाव होतं. चुकीच्या टेबलाचं समजलं, असं लिहिलं होतं. खातं उघडलंय, देश पूर्ववत केलाय, भेटीचा नियम बदलता येत नाही त्याबद्दल क्षमस्व. कृपया खरोखर राहायला गेल्याशिवाय देश बदलू नये. तुमच्या मित्राला आराम पडो.

मी तीन मजले धावत गेले. माझं वजन बघता हे सांगायलाच हवं.

कप्तानांनी ते दोनदा वाचून घेतलं. “सभ्य माणूस आहे,” म्हणाले, आणि आधी दाढी करायला गेले. मी म्हटलं, अहो, बसा आधी. तर म्हणे, “तीन दिवसांनी जातोय, असाच जाऊ?” मावशी दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्याच होत्या.

खेळ सुरू झाला. मित्रांच्या यादीत ल्युबिशाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. नकाशावर त्याचा ट्रक कुठे आहे ते दिसतं. तो कापिकुलेच्या फाटकावर उभा होता. आमच्या बाजूला तोंड करून.

हेडफोन काढून मी आवाज बाहेर सोडला, कारण मला आणि मावशींनाही ऐकायचं होतं. कप्तान पुढे अधूनमधून आम्हाला अर्थ सांगत होते.

“ल्युबिशा,” कप्तान म्हणाले.

पलीकडून आवाज आला, “जिवंत आहेस का रे गाढवा?”

“आहे.”

“दोन दिवस कुठे होतास?”

“सीमेवर अडकलो होतो. चुकीचा कागद भरला.”

“या वयात?”

“या वयात.” मग कप्तान म्हणाले, “ल्युबिशा, मी रिकामा आलोय. नकाशा तुला पाठवायचा होता. माझ्याकडून तिकडे जाऊ देत नाहीत.”

“मला माहीत आहे. माझ्या भाच्यानं सांगितलं, तुमच्याकडून येत नाही म्हणून. मीच विकत घेतला सोमवारी. तेव्हापासून इथे उभा आहे. तू दार उघडल्याशिवाय तुझ्या घरी कसा येणार?”

ल्युबिशा पुढे बोलत राहिला. “काल चर्चमध्ये गेलो होतो. आमच्याकडे मेणबत्त्या दोन ठिकाणी लावतात, तू पाहिलंयस. वर जिवंतांच्या, खाली गेलेल्यांच्या. बायको म्हणाली, त्याची छाती कापलेली आहे, दोन दिवस पत्ता नाही, एक खालीही लावून ठेव. मी म्हटलं, दुर्मुशला उशीर होतो, पण तो येतो. मी वरच लावली.”

हे कप्तानांनी आम्हाला सांगितलं. मावशींनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि विचारलं, “आणि स्वतःसाठी?”

कप्तानांनी तिकडे विचारलं. ल्युबिशा हसला. “ती राहिलीच. तुझ्याच काळजीत होतो.”

“त्याला सांग, त्याच्या वाटणीची प्रार्थना मी करते,” मावशी म्हणाल्या.

मग दोघे निघाले. खेळात अंतरं लहान करून ठेवलेली असतात, तरी अडीच तास लागले. कप्तान पुढे, ल्युबिशा मागे. इस्तंबूलच्या पुलावर ल्युबिशा म्हणाला, इथून पुढे मला सगळं नवीन. अंकाराच्या पुढे कप्तान त्याला खेळात नसलेली गावंसुद्धा दाखवत होते. टोरोस डोंगराच्या घाटात त्यांनी त्याला खालच्या गिअरमध्ये यायला लावलं आणि तीनदा बजावलं. घाट उतरल्यावर समुद्र दिसला. आमची गल्ली नकाशात नव्हतीच. कप्तानांनी बंदरामागच्या एका गोदामापाशी ट्रक उभा केला आणि म्हणाले, “हे माझं घर समज. तिसरा मजला.” ल्युबिशानं शेजारी ट्रक लावला आणि हॉर्न वाजवला. मावशी खरोखरच गॅलरीतून खाली वाकून बघायला लागल्या, मग स्वतःवरच चिडल्या.

मी मात्र त्या दोघांचं कौतुक करत बसले नाही. पहिल्यांदा नंबर घेतला. ल्युबिशाचा, त्याच्या बायकोचा, मुलीचा, आणि मोठ्या अक्षरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. मावशींचा नंबर तिकडे दिला. खेळात भेटल्यापासून इतक्या महिन्यांत या दोन शहाण्यांना हे सुचलं नव्हतं.

गुरुवारी मी दुकान दुपारीच बंद केलं आणि वर जाऊन बसले. मावशींनी सकाळपासून कुराण वाचलं होतं. कप्तान गॅलरीच्या दारात उभे, ना आत ना बाहेर. चहा तीनदा गार झाला. साडेपाचला मावशींचा फोन वाजला. ल्युबिशाची बायको राद्मिला होती, आणि तिला तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. मावशींना सर्बियनचा येत नव्हता. कप्तानांनी हात पुढे केला, पण मावशींनी फोन दिला नाही. पलीकडून ती बाई भराभर बोलत होती, मध्येच हुंदका देत होती, पुन्हा बोलत होती, आणि मावशी नुसतं “हं, हं, बाई माझी,” म्हणत होत्या.

“काय म्हणते?” कप्तानांनी विचारलं.

“पाऊल आहे,” मावशी म्हणाल्या. “बोटं गेली असतील एखाद दोन. पण पाऊल आहे, आणि तो शुद्धीवर आहे.”

“तुला सर्बियन कधीपासून कळायला लागलं?”

“मी चाळीस वर्षं फोनपाशी बसून काढलीयेत, दुर्मुश. आपला माणूस घरी येतोय की नाही, ते बाईच्या आवाजावरून कळतं.”

कप्तान तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. मावशींनी फोन अजून ठेवला नव्हता. पलीकडे राद्मिला ते ऐकत होती.